क्लब कुणाचा? कोलकाता डर्बी, करोना आणि नबान्नची बैठक

हिरवी-मरून | २६ ऑगस्ट २०२१, सकाळी ९:१०

ईस्ट बंगाल यंदा इंडियन सुपर लीग (आयएसएल) खेळणार. काल राज्य सचिवालयात, म्हणजे नबान्नमध्ये झालेल्या बैठकीनंतर खुद्द ममता बॅनर्जींनी तसं सांगितलं. मी मोहन बागानवाला, तरी बातमी वाचून जिवात जीव आला. परवाच आमच्या संघाने मालेमध्ये बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जशी १-१ बरोबरी साधून आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या गटात पहिला नंबर पटकावला. तो आनंद आहेच, पण डर्बीशिवायचा, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याशिवायचा हंगाम मला हंगाम वाटतच नाही.

धागा मात्र वेगळ्या कारणासाठी काढतोय. क्लब आणि गुंतवणूकदार यांचं भांडण मिटवायला राज्याच्या मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागतं. आणि ज्यांच्या जिवावर हे क्लब शंभर-सव्वाशे वर्षं उभे आहेत, त्या समर्थकांना त्या खोलीत बसायला खुर्ची नसते. हे मला फार लागलं. गेल्या दीड वर्षात दोन्ही क्लबांचं काय काय झालं ते एकत्र मांडतो. मराठी वर्तमानपत्रांत त्याचे तुकडेच आले.

आधी आमचं. १६ जानेवारी २०२० रोजी जाहीर झालं की मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीतला ८० टक्के हिस्सा आरपीएसजी समूह घेणार. हाच समूह एटीके हा कोलकात्याचा आयएसएल संघ चालवत होता. १० मार्चला कल्याणीत आम्ही आयझॉलला १-० हरवलं आणि चार सामने हातात ठेवून आय-लीग ही दुसरी राष्ट्रीय लीग जिंकली. १४ मार्चला एटीकेने फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये चेन्नईयनला ३-१ हरवून आयएसएल जिंकली. चार दिवसांत दोन संघ विजेते झाले, आणि जूनपासून ते दोन्ही मिळून एकच संघ! १५ मार्चची डर्बी झालीच नाही.

१० जुलैला नाव ठरलं, एटीके मोहन बागान. जर्सी हिरवी-मरूनच राहिली, बोधचिन्हावरची शिडाची नावही राहिली. पण १८८९ मध्ये जन्मलेल्या क्लबच्या नावाआधी २०१४ सालच्या क्लबची तीन अक्षरं येऊन बसली. पुढे जर्सीवर तीन तारेही दिसले, एटीकेच्या तीन आयएसएल विजेतेपदांचे. २०१४ आणि २०१६ चे तारे आमच्या छातीवर कशासाठी? तेव्हा तर तो आमचा प्रतिस्पर्धी क्लबही नव्हता, दुसऱ्याच लीगमधला संघ होता.

हे सगळं मुद्दाम टाळेबंदीत उरकलं असं मी म्हणत नाही. व्यवहार करोनाच्या आधीच ठरला होता. पण त्यावर बोलायची वेळ आली तेव्हा लोक घरात कोंडलेले होते. मैदानावरच्या तंबूसमोर, म्हणजे क्लबच्या कार्यालयासमोर जमता येत नव्हतं, गॅलरीत फलक धरता येत नव्हता. समर्थकाच्या हातात असतो तो त्याचा आवाज आणि त्याची गर्दी. करोनाने दोन्ही काढून घेतले आणि नेमक्या त्याच काळात क्लबांचे सगळ्यात मोठे निर्णय झाले.

ईस्ट बंगालची बाजू त्यांच्याच माणसाने सांगावी. इथे आहेत ते, मला माहीत आहे.

---

बारिसालचा जावई | सकाळी १०:३५

आहे आहे.

आमचं तर तुमच्यापेक्षा वाईट झालं. तुम्हाला निदान घर मिळालं, दारावरची पाटी बदलली एवढंच. आमच्याकडे २०२० च्या उन्हाळ्यात घरच नव्हतं. जुन्या गुंतवणूकदाराने टाळेबंदीचं कारण दाखवून एप्रिलअखेर खेळाडूंचे करार थांबवले आणि मेअखेर ते निघूनही गेले. १ ऑगस्ट २०२० ला क्लबला १०० वर्षं पूर्ण झाली तेव्हा आमच्याकडे ना गुंतवणूकदार होता, ना आयएसएलचं तिकीट. शतकमहोत्सव आणि पुढच्या वर्षी आपण कुठल्या लीगमध्ये असू हे ठाऊक नाही!

२ सप्टेंबरला नबान्नमधूनच घोषणा झाली की श्री सिमेंट येतंय. हिशोब ७६ आणि २४ चा. महिनाअखेर आयएसएलमध्ये प्रवेश मिळाला. संघ घाईघाईत बांधला, प्रशिक्षक म्हणून रॉबी फाउलर आला, आणि पहिलाच सामना थेट तुमच्याशी. २७ नोव्हेंबर, वास्कोचं टिळक मैदान, ०-२. गोल रॉय कृष्णा आणि मनवीरचे. हंगाम संपला तेव्हा ११ संघांत आम्ही नववे.

माझे सासरे पूर्व बंगालमधल्या बारिसालहून आलेले. फाळणीनंतर आई-वडिलांचा हात धरून आले तेव्हा चड्डीत होते. सॉल्ट लेक स्टेडियम व्हायच्या आधीपासून ते गॅलरीत आहेत. २७ नोव्हेंबरची डर्बी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून पाहिली. प्रक्षेपणात प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गलका सोडत होते ना, तो त्यांना सहन होईना. "आमच्या ओरडण्याची वेळ ह्यांना काय कळणार," एवढंच म्हणाले. खरंच आहे. गोल व्हायच्या आधी, चेंडू विंगला गेला की गॅलरीतून एक विशिष्ट आवाज चढत जातो. कळ दाबून तो येत नाही.

करार मात्र अजून तिथेच आहे. प्राथमिक कागदावर सह्या झाल्या, अंतिम करारावर नाहीत. पदाधिकारी म्हणतात त्यात सभासदांचे हक्क जातात, तंबू जातो. कंपनी म्हणते जे ठरलं तेच लिहिलंय. कालच्या बैठकीनेही अंतिम सही झालेली नाही, फक्त हा हंगाम निभावला. घोडं तिथेच पेंड खातंय.

---

मधली फळी | सकाळी ११:०२

दोन्ही प्रतिसाद आवडले. पण एक विनंती. खेळात राजकारण आणू नये. नबान्न, ममता, मोदी हे सगळं आलं की धाग्याची वाट लागते. निव्वळ फुटबॉलवर बोलूया ना. रॉय कृष्णा, मनवीर, यंदाचं मधलं मैदान, लिहिण्यासारखं खूप आहे.

---

आयलँडर | सकाळी ११:४०

मुंबई सिटीचा समर्थक म्हणून लिहितो, राग मानू नका.

आमच्या क्लबमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टरचे मालक, अबू धाबीचा पैसा. आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं. पण पुढच्याच हंगामात प्रशिक्षक लोबेरा आले, संघ बांधला गेला आणि आम्ही लीग शिल्ड (साखळीतल्या पहिल्या क्रमांकाचं) आणि करंडक दोन्ही जिंकले. दोन्ही वेळा समोर तुम्हीच होतात, हिरवी-मरून! २८ फेब्रुवारीला २-०, आणि १३ मार्चच्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल.

माझा प्रामाणिक प्रश्न आहे. पैसा लागतोच. विमानं, हॉटेलं, परदेशी खेळाडू, अकादमी, सहा महिन्यांचं गोव्यातलं जैवसुरक्षा कवच, हे सभासदांच्या वर्गणीतून होणार आहे का? एटीकेची तीन अक्षरं सोसली तर एएफसी कपचा गट जिंकता येतो, हे तुम्हीच वर लिहिलंय. आम्ही मालक स्वीकारला आणि पुढे निघालो. तुमचं नेमकं काय अडतंय?

---

हिरवी-मरून | दुपारी १:१५

@आयलँडर, राग कशाला? प्रश्न रास्त आहे.

तुमचा क्लब २०१४ साली मालकांनीच काढला. मालक बदलला, आणखी चांगला आला, तुम्ही खूश. आमचा क्लब मालकाने काढलेला नाही. तो लोकांचा होता, त्यात मालक नंतर आला. पैसा लागतो हे मला मान्य आहे, आणि मी ८० टक्क्यांच्याही विरोधात नाही. पण विकलं काय ते सांगा. मैदान नाही, तंबू नाही, खेळाडू तर दरवर्षी बदलतात. विकलं गेलं ते नाव, रंग आणि त्यामागची माणसं. म्हणजे आम्हीच विकले गेलो. मग किंमत ठरवताना आम्हाला विचारायला नको?

@मधली फळी, तुमची कळकळ समजते, पण या डर्बीतून राजकारण बाजूला काढायचं म्हटलं तर हातात काय उरतं ते बघा.

१९११ चं आयएफए (बंगालची फुटबॉल संघटना) शिल्ड. २९ जुलैला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. समोर राज्यकर्त्यांचं सैन्य, आमचे बहुतेक खेळाडू अनवाणी. त्या दिवशी जे लोक मैदानाच्या कडेला उभे होते ते काय निव्वळ फुटबॉल बघत होते? १९२० मध्ये ईस्ट बंगाल निघाला तोच पूर्वेकडच्यांना डावललं जातंय या रागातून. फाळणीनंतर निर्वासित आले, त्यांच्याकडे ना जमीन ना नोकरी, पण शनिवारी जिंकणारा एक संघ होता. घोटी (मूळचे पश्चिम बंगालचे) आणि बांगाल (पूर्वेकडून आलेले), एकाची चिंगडी म्हणजे कोळंबी आणि दुसऱ्याचा इलिश मासा, हे आज गमतीने बोलतात. त्याच्या मुळाशी देश तुटल्याची जखम आहे.

आणि ताजं उदाहरण हवं तर १९ जानेवारी २०२० ची डर्बी घ्या, करोनाच्या आधीची शेवटची. सामना आम्ही २-१ जिंकला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ईस्ट बंगालच्या गॅलरीतला फलक. नागरिकत्व कायदा नुकताच झाला होता, एनआरसीची भीती होती. फलकावर लिहिलं होतं, "रक्त दिये केना माटि, कागज दिये नय." ही माती रक्ताने घेतलीय, कागदाने नाही. मी समोरच्या गॅलरीत होतो. एरवी त्यांचा फलक वर गेला की आमच्याकडून शिट्ट्या होतात. तो वाचून झाल्यावर माझ्या आजूबाजूचे कितीतरी लोक नुसते उभे राहिले.

---

बारिसालचा जावई | दुपारी १:५०

त्या फलकाबद्दल एकच सांगतो. सासऱ्यांकडे बारिसालच्या घराचा एकही कागद नाही. एक पितळी कुलूप आहे, किल्ली हरवलेली. फलकाचा फोटो मी त्यांना मोबाइलवर दाखवला तर म्हणाले, मोठा करून दाखव. मग चष्मा पुसला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी स्टेडियमला जाणं सोडलंय, पण त्या दिवशी म्हणाले पुढच्या डर्बीला येतो. पुढची डर्बी गोव्यात बंद दाराआड झाली.

---

स्टेथो | दुपारी २:२०

मी डॉक्टर आहे, गेल्या वर्षी कोविड वॉर्डात होते. फुटबॉल घरात सगळेच बघतात म्हणून हा धागा वाचला. भावना समजतात, पण एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

१८ ऑक्टोबर २०२० ला मोहन बागानला आय-लीगचा करंडक देण्यात आला आणि शहरातून मिरवणूक निघाली. हजारो लोक, खेटून. दुसऱ्याच दिवशी कलकत्ता उच्च न्यायालयाने दुर्गापूजेचे मंडप दर्शनार्थींना बंद केले, कारण संसर्ग तसाच वाढत होता. न्यायालयाला जे दिसत होतं ते क्लबला आणि सरकारला दिसत नव्हतं का? त्या दिवशी मंत्रीही तिथे होते. समर्थकांना क्लबच्या निर्णयात जागा हवी असेल तर जबाबदारीही आली. वॉर्डात येणाऱ्याचा रंग आम्ही विचारत नाही, पण तो कुठे गर्दीत गेला होता हे विचारावंच लागतं.

---

हिरवी-मरून | दुपारी २:४५

डॉक्टरताई, शंभर टक्के सहमत. मी गेलो नव्हतो, आणि जाऊ नका असं आमच्या गटावर लिहिलं म्हणून शिव्याही खाल्ल्या. सात महिने थांबलेला करंडक आणखी सहा महिने थांबला असता.

---

लेफ्ट बॅक | दुपारी ३:३०

डॉक्टरांचा मुद्दा पुढे नेतो. गर्दीचे नियम कुणाला आणि कुणाला नाहीत, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

आयलँडर यांनी २८ फेब्रुवारी २०२१ च्या सामन्याचा उल्लेख केलाय. बांबोळीला मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान, लीग शिल्डचा निकाल, स्टेडियममध्ये एक प्रेक्षक नाही. त्याच दिवशी दुपारी कोलकात्यात ब्रिगेड मैदानावर डावे, काँग्रेस आणि आयएसएफ (इंडियन सेक्युलर फ्रंट) यांची सभा होती. मैदान खच्चून भरलं होतं. आठवड्याने, ७ मार्चला, त्याच मैदानावर पंतप्रधानांची सभा. तीही तशीच भरलेली. ब्रिगेडपासून क्लबांचे तंबू चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, कोलकात्याच्या लोकांना हे सांगायला नको. एका बाजूला लाखांची सभा चालते, आणि तिथून हाकेच्या अंतरावरचं क्लबचं मैदान संसर्ग नको म्हणून कुलूपबंद.

मी डाव्या विचारांचा आहे. तरी सांगतो, त्या दिवशी आमच्या पक्षाने सभा घ्यायला नको होती. इतरांनीही नको होती. मतदान आठ टप्प्यांत २९ एप्रिलपर्यंत ताणलं गेलं आणि निवडणूक आयोगाने ५०० पेक्षा मोठ्या सभांना बंदी केली ती २२ एप्रिलला. तोवर दुसरी लाट घराघरात शिरली होती. फुटबॉलच्या प्रेक्षकाला मात्र मार्च २०२० पासून बाहेर ठेवलं, आणि तो निमूट राहिला.

---

मधली फळी | दुपारी ४:०५

१९११ आणि तो फलक, दोन्ही मुद्दे पोचले. तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. लोकांनी गॅलरीतून राजकारण करणं वेगळं आणि राजकारण्यांनी क्लब वापरणं वेगळं. मला त्रास आहे तो दुसऱ्याचा. "खेला होबे" ही तृणमूलची प्रचारघोषणा म्हणत व्यासपीठावरून फुटबॉल फेकायचे, माजी खेळाडूंना तिकिटं द्यायची. यंदाच्या निवडणुकीत कल्याण चौबे भाजपकडून उभे होते, बिदेश बोस तृणमूलकडून. प्रसून बॅनर्जी आधीपासून तृणमूलचे खासदार. सगळे चांगले खेळाडू होते. पण त्यांच्यापैकी कुणी आयलीगच्या खेळाडूंच्या थकलेल्या पगारावर सभागृहात जोर लावल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

---

पूर्वरंग | दुपारी ४:५०

बिदेश बोस यांचं नाव निघालंच आहे तर १६ ऑगस्टबद्दल लिहायलाच हवं. या महिन्यातलीच गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात जास्त खुपलीय.

१६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्स, लीगची डर्बी. ईस्ट बंगालच्या दिलीप पालितने मोहन बागानच्या बिदेश बोसला पाडलं, बोसने उलट केलं, दोघांना लाल कार्ड. गॅलरीत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. सामना बघायला गेलेली पोरं होती ती. दोन्ही रंगांची. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला आयएफए रक्तदान शिबिर घेते, फुटबॉलप्रेमी दिन म्हणून. दोन्ही क्लबांचे समर्थक एकाच रांगेत बसून रक्त देतात. शांत दिवस असतो.

यंदा २१ जुलैला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की १६ ऑगस्ट हा "खेला होबे दिवस" म्हणून साजरा होणार. भाजपने लगेच १९४६ च्या कोलकाता दंगलीचा डायरेक्ट अॅक्शन डे काढला, त्याही दिवशी १६ ऑगस्टच होता म्हणून. झालं! एकीकडे निवडणुकीतली घोषणा, दुसरीकडे दंगलीची आठवण, आणि मधल्या मध्ये ती १६ पोरं हरवली. मुलांना फुटबॉल वाटले ही चांगलीच गोष्ट आहे, त्याला कोण विरोध करेल? पण ज्या घोषणेने मतं मागितली तिचं नाव त्या तारखेला द्यायला नको होतं. आणि ज्यांनी १९४६ आणलं त्यांनी तर मेलेल्यांचा उल्लेखही धड केला नाही.

यात क्लबांनी काही म्हटलं का? समर्थकांच्या वतीने कुणी बोललं का? हिरवी-मरून विचारतात ना, समर्थकाला खुर्ची का हवी. या अशा वेळेसाठी हवी.

---

काळी-पांढरी | संध्याकाळी ५:२०

दोन मोठे क्लब, दोन मोठे क्लब चाललंय मघापासून. मोहम्मेडन स्पोर्टिंग १८९१ चा आहे हो. १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग. नागरिकत्वाची भीती, फाळणी, दंगल या सगळ्याचा चटका आमच्या गॅलरीलाही बसलाय, कदाचित जास्तच. तुम्ही आयएसएलमध्ये गेलात तेव्हा आम्ही आय-लीगमध्ये परत आलो, या वर्षी जानेवारी ते मार्च कोलकाता आणि कल्याणीतच कवचात खेळलो. कोलकात्यात तेवढं तरी मोठं फुटबॉल झालं, पण त्यावर मराठीत एक ओळ दिसली नाही. ५ सप्टेंबरला ड्युरंड कप सुरू होतोय. तुमचे दोघांचेही संघ त्यात नाहीत, आमचा आहे.

---

हिरवी-मरून | संध्याकाळी ५:३५

बरोबर बोललात. धाग्याच्या नावात डर्बी आहे म्हणून दोघांवर राहिलो, पण तीन क्लबांशिवाय मैदान पुरं होत नाही. ड्युरंडसाठी शुभेच्छा, मनापासून.

---

कॉप | संध्याकाळी ६:१०

लिव्हरपूलचा आहे, थोडं तिकडचं सांगतो.

११ मार्च २०२० ला अॅनफिल्डवर आमचा अॅटलेटिको माद्रिदशी सामना होता. स्पेनमध्ये सामने बंद दाराआड करायचं ठरलं होतं आणि तिकडून सुमारे ३००० समर्थक लिव्हरपूलला आले, परवानगीने. त्याआधी १९ फेब्रुवारीला मिलानमध्ये अटलांटा आणि व्हॅलेन्सियाचा सामना झाला, त्यानंतर अटलांटाच्या बेर्गामो शहरात करोनाने काय केलं ते जगाने पाहिलं. बोट समर्थकांकडे दाखवणं सोपं असतं. दारं उघडी ठेवणारे दुसरेच होते.

दुसरी बाजूही सांगतो. यंदा १८ एप्रिलला १२ क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. आमचा, मँचेस्टर युनायटेडचा, चेल्सीचा, सगळ्यांचे मालक एक झाले. आणि समर्थकही एक झाले! चेल्सीचे लोक स्टॅमफर्ड ब्रिजच्या बाहेर रस्त्यात उभे राहिले. दोन दिवसांत सगळे इंग्लिश क्लब मागे फिरले. २ मे रोजी युनायटेडचे समर्थक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि आमच्याविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मैदानात घुसून मोडतोड करणं मला पटत नाही, पण मालकांवरचा राग मला तंतोतंत कळला, आणि तो युनायटेडवाल्यांचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बाजूने वाटलं.

जर्मनीत तर नियमच आहे, क्लबच्या सभासदांकडे ५० टक्क्यांहून एक मत जास्त. काही अपवाद आहेत, पण तिथे असा व्यवहार सभासदांना डावलून सहसा होत नाही.

---

बारिसालचा जावई | संध्याकाळी ७:००

कॉप, तुमच्याकडे समर्थक मालकाविरुद्ध एक झाले. आमच्याकडे २१ जुलैला काय झालं ते ऐका. वर पूर्वरंग यांनी सांगितलेली घोषणा ज्या दिवशी झाली, त्याच दिवशी.

लेस्ली क्लॉडियस सरणीवर क्लबच्या तंबूबाहेर ईस्ट बंगालचे समर्थक जमले. अंतिम करारावर सही करा, आमचा क्लब वाचवा, ही मागणी. पदाधिकाऱ्यांना मानणारेही तिथे होते. म्हणजे एकाच क्लबचे दोन गट, तोंडावर मास्क लाल-सोनेरीच, आणि एकमेकांच्या अंगावर. पोलिसांनी लाठी चालवली. माझा एक ओळखीचा मुलगा तिथे होता, वीस-बावीस वर्षांचा. पाठीवर वळ घेऊन घरी आला. त्याच्या आईने हळद लावता लावता विचारलं, मोहन बागानवाल्यांनी मारलं का रे? त्याला उत्तर देता येईना.

मला याचा राग येतो. वर्षभर कुणी काहीच सांगितलं नाही. करारात काय आहे, कुठलं कलम अडलंय, हे पत्रकारांकडून तुकड्या-तुकड्यांत कळायचं. कंपनीचं म्हणणं एक, क्लबचं दुसरं, मूळ कागद कुणी दाखवला नाही. मग पोरं अफवांवर दोन गटांत वाटली जातात आणि लाठी खातात. कागद उघडा ठेवला असता तर त्यातल्या निम्म्यांनी तो वाचून मत बनवलं असतं.

---

गोलपोस्ट | रात्री ८:१५

एवढं सगळं वाचून एक चांगली आठवणही लिहाविशी वाटते. मी सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला आहे, एकटाच राहतो. एप्रिलच्या शेवटी माझ्या घरमालकांची ऑक्सिजनची पातळी ८६ वर आली. सिलिंडर कुठेच मिळेना. मी मोहन बागानच्या एका व्हॉट्सअॅप गटात आहे, तिथे टाकलं. अर्ध्या तासात ज्याचा फोन आला त्याच्या डीपीवर मशाल, म्हणजे ईस्ट बंगालचं चिन्ह होतं. कुणीतरी माझा निरोप ईस्ट बंगालच्या गटात पुढे पाठवला होता. रात्री एकला तो मुलगा स्कूटरवर सिलिंडर पायात धरून आला. रेग्युलेटर कसा लावायचा, मीटर किती वर ठेवायचा, सगळं दाखवून गेला. पैसे घेतले नाहीत, म्हणाला रिकामा झाला की फोन करा, पुढच्या घरी न्यायचाय. घरमालक बरे झाले.

ते गट लोकांनी सामन्याला एकत्र जायला बनवले होते. २०२० च्या मेमध्ये अम्फान आलं तेव्हा त्यांनीच शिधा आणि ताडपत्र्या पोचवल्या.

---

स्टेथो | रात्री ८:४०

त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. पण एक लक्षात ठेवा. रात्री एक वाजता सिलिंडर शोधणं हे फुटबॉल समर्थकाचं काम नव्हतं. व्यवस्था कमी पडली म्हणून ते त्याच्यावर आलं. अशा मुलांचं कौतुक करून व्यवस्था सुटायला नको.

---

आयलँडर | रात्री ९:०५

मी सकाळी विचारलं होतं तुमचं काय अडतंय. आता थोडं कळतंय. गोलपोस्ट यांनी सांगितलेलं जाळं कुठल्याही गुंतवणूकदाराच्या ताळेबंदात नाही, आणि खरेदी त्याचीच झालीय. आमच्याकडेही समर्थकांचा गट आहे, पण एवढं खोल नाही. पुढच्या वेळी मालक नाव बदलायचं म्हणाला तर आम्ही काय करू, हा विचार आजवर केला नव्हता.

पण मागणी काय ठेवणार? "आम्हाला विचारा" एवढं पुरत नाही.

---

जमा-खर्च | रात्री १०:२०

सीए आहे, फुटबॉल कमी कळतं, पण ७६ आणि ८० हे आकडे वाचून राहवलं नाही.

कंपनी कायद्यात महत्त्वाचे बदल विशेष ठरावाने होतात. त्याला पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे ७५ टक्के. कंपनीचं नाव बदलणं, नियमावली बदलणं हे त्यातच येतं. गुंतवणूकदाराकडे ७६ किंवा ८० टक्के असतील तर क्लबचं २४ किंवा २० टक्क्यांचं मत तो ठराव अडवू शकत नाही. २५ च्या वर असतं तर अडवू शकलं असतं. ईस्ट बंगालचा हिस्सा त्या रेषेच्या जेमतेम खाली आहे. १० टक्क्यांच्या वर असल्यामुळे सभा बोलवायची मागणी करता येते, पण तिथे जिंकता येत नाही.

मग उपाय उरतो तो नियमावलीत आणि करारात. नाव, रंग, बोधचिन्ह, शहर यांत बदल करायचा तर क्लबची लेखी संमती हवी, असं कलम आधीच घालून घेता येतं. तसं कलम आहे की नाही हे कंपनीच्या नियमावलीत बघायचं. ती सरकारी नोंदणीत असते, थोडं शुल्क भरून कुणालाही पाहता येते. भागधारक असायची गरज नाही. आपसातला करार मात्र तिथे असेलच असं नाही.

---

बारिसालचा जावई | रात्री १०:४०

हे कुणीच सांगितलं नव्हतं! वर्षभर आम्ही कलमांवर भांडतोय आणि नियमावली पाहता येते? जमा-खर्च, कृपया पायऱ्या लिहा, मी उद्याच काढतो.

---

जमा-खर्च | रात्री १०:४८

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडा, कंपनीचं नोंदणीकृत नाव शोधा, सार्वजनिक कागदपत्रं निवडून शुल्क भरा. मर्यादित वेळ उघडी राहतात, तेवढ्यात उतरवून घ्या. आधी नाव नीट शोधा. क्लब ही संस्था वेगळी आणि फुटबॉलची कंपनी वेगळी.

---

हिरवी-मरून | रात्री ११:०५

दोन्ही कंपन्यांची काढूया. जावईबापू, शुल्क निम्मं माझं. नाव, रंग, बोधचिन्ह या शब्दांभोवतीची कलमं मी मराठीत उतरवून इथेच टाकतो. तुमच्याकडची तुम्ही टाका, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतील. काळी-पांढरी, तुमच्या क्लबचाही गुंतवणूकदाराशी करार झालाय ना? कंपनीचं नाव माहीत असेल तर सांगा, तिसरीही त्याच वेळी काढतो.